अठ्ठ्याण्णव गुणांची गाडी

१

शुक्रवारी सकाळी पावणेसातला नामसुन कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरली, तर ओक्जूची पांढरी गाडी प्यो साहेबांच्या काळ्या परदेशी गाडीच्या बंपरमध्ये नाक खुपसून उभी. आणि नामसुनला, खोटं कशाला बोला, आतून गारगार वाटलं.

गेली दोन वर्षं या ओक्जूनं तिचं जिणं नकोसं केलं होतं. नामसुन सव्वीस वर्षं गाड्यांचा विमा विकत होती. मुगुंग सोसायटीच्या तिसऱ्या इमारतीतल्या निम्म्या गाड्या तिच्याकडे होत्या, आणि यंदा नूतनीकरणाची पत्रं गेली तशी निम्म्या इमारतीनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ठोकली नाही, घासली नाही, तरी हप्ता वर कसा, असं जो तो तिलाच विचारायचा, जणू तीच घरी बसून आकडे फुगवत होती. तिचा स्वतःचा हप्ता सात लाख वीस हजार वॉनवरून आठ लाख साठावर गेला होता, ते कोण ऐकतंय? आणि ओक्जूचा मात्र उतरला.

ओक्जू आधी नामसुनचीच गिऱ्हाईक. दोन वर्षांपूर्वी तिनं फोनवरून परस्पर पॉलिसी घेतली. "तुझं कमिशन मी का म्हणून भरू गं?" हे ती लिफ्टमध्ये पाच जणांदेखत म्हणाली होती. वर फोनमधलं ते रस्ता दाखवणारं ॲप. गाडी कशी चालवता ते बघून ते शंभरातले गुण देतं, आणि गुण बरे असले की कंपनी सूट देते. ओक्जूचे अठ्ठ्याण्णव. भाजीवाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना तो आकडा दाखवून झाला होता. नामसुनचे एकसष्ट. जिचा नवरा एकतीस वर्षं शहराची बस चालवून, एकही अपघात न करता निवृत्त झाला, तिचे एकसष्ट. मिरच्या झोंबणार नाहीत तर काय?

म्हणून ती जवळ गेली आणि धंद्याच्या नजरेनं नीट बघू लागली. मे महिना होता, पाइनचा पिवळा पराग रात्रभर पडला होता आणि साऱ्या गाड्या बेसनात घोळल्यासारख्या दिसत होत्या. ओक्जूच्या डिकीवर दोन भलेमोठे पंजे उमटले होते. पुढची चाकं उजवीकडे तिरकी होती. मागच्या चाकाखाली कुणीतरी शहाण्यानं पाचर सरकवली होती. बाकी कुणाचं चिटपाखरू नव्हतं. नामसुननं वाकून काचेतून डॅशबोर्डवरच्या कार्डावरचा फोन नंबर वाचला आणि फोन लावला.

"ओक्जूताई, खाली या जरा. तुमच्या गाडीनं प्यो साहेबांना मुका दिलाय."

ओक्जू म्हणाली, "मी तर झोपलेय अजून. रात्री न्यूट्रलमध्ये लावून वर आले. कुणी ढकलली?"

२

त्याचं असं की सोसायटीत गाड्या दोनशे चाळीस आणि जागा एकशे दहा. उशिरा येणाऱ्यानं आपली गाडी आधीच लावलेल्या गाड्यांच्या पुढ्यात आडवी लावायची, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, चाकं सरळ. ज्याला बाहेर पडायचं असेल त्यानं ती हातानं ढकलून वाट करायची. तीस वर्षं असंच चाललंय. पण ढकलताना जोर जास्त लागला, गाडी उतारावर गेली आणि कुणाला धडकली, तर भरायचं ढकलणाऱ्यानं.

"आणि इथे रोज सकाळी गाड्या कोण ढकलतं?" प्यो साहेब म्हणाले. ते सोसायटीचे अध्यक्ष. झोपायच्या कपड्यांतच उतरले होते, आणि बंपरवरून पुन्हापुन्हा हात फिरवत होते. "बोंग ढकलतो. हे पंजे बघा. हातमोज्याचे आहेत."

पहारेकरी बोंगकाका हातात झाडू घेऊन उभे होते. अडुसष्ट वर्षांचे, हात फावड्याएवढे, त्यात रबर लावलेले लाल हातमोजे. "साहेब, रात्री नऊला ढकलली होती मी. बारीमबाईंना गाडी लावायची होती म्हणून. पहाटे हात नाही लावला. सहाला ड्यूटीवर आलो आणि मागं झाडत होतो."

"मागं होतास, मग आवाज ऐकला नाहीस?"

"सव्वासहाला कचऱ्याचा ट्रक येतो शुक्रवारी. त्याच्या धडधडीत काय ऐकू येतंय?"

कोपऱ्यातला कॅमेरा डिसेंबरपासून बंद होता. दुरुस्तीचा ठराव प्यो साहेबांनीच तीनदा पुढे ढकलला होता. आजूबाजूच्या दहा गाड्यांत दहा छोटे कॅमेरे होते, पण साऱ्यांच्या काचांवर परागाचा थर, त्यांत पिवळ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. ओक्जूच्या कॅमेऱ्यातलं तर मेमरी कार्डच नव्हतं. "बिघडलं होतं, काढून ठेवलं," ती म्हणाली. शालीत गुंडाळलेली, पाच फुटांनाही दोन बोटं कमी, आणि डोळे बारीक करून सगळ्यांकडे बघणारी.

"उद्या पाचला सभा," प्यो साहेब म्हणाले. "नामसुनबाई, तुम्ही अपघात बघण्यात आयुष्य घालवलंत. काय ते ठरवून सांगा. बोंगचा करार या महिन्याअखेर संपतोय. त्यानं केलं असेल तर नवा करार नाही, आणि खर्च शेवटच्या पगारातून."

बोंगकाकांनी झाडू भिंतीला टेकवला. पहारेकऱ्यांचे करार तीन-तीन महिन्यांचे. अडुसष्टाव्या वर्षी एकदा बाहेर पडलं की पुन्हा कोण ठेवून घेतंय?

नामसुननं हो म्हटलं. बोंगकाकांची दया आली म्हणून म्हटलं असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं कारण ओक्जूच्या शालीत होतं. ही बाई काहीतरी लपवतेय हे सव्वीस वर्षांचं नाक सांगत होतं, आणि ते उद्या सगळ्या सोसायटीसमोर बाहेर काढायला मिळालं तर नामसुन महिनाभर जेवली नसती तरी चाललं असतं.

घरी आली तर नवरा आडवा. "अहो, काय झालं?"

"कंबर धरलीय," दोसिक भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

दोसिक रोज पहाटे साडेचारला डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी आणायला जायचा आणि साडेसहाला परत यायचा. दोन बाटल्या ओट्यावर भरलेल्या होत्या. बूट दाराशी जोडीनं लावलेले, काळे, स्वच्छ. नामसुनला त्याचं एवढं एक आवडायचं, की माणूस डोंगर चढून यायचा पण घरात धुळीचा कण आणायचा नाही.

"खाली मजा झालीय," ती म्हणाली. "ओक्जूची गाडी ठोकलीय."

दोसिकनं पांघरूण डोक्यावरून ओढलं. तो तसाही फार बोलायचा नाही, आणि तीही थांबून ऐकणाऱ्यांतली नव्हती.

३

ओक्जूच्या घरी सातूचा चहा आला, सोबत तांदळाच्या वड्या. विधवा बाईचं घर, पण असं चकचकीत की नामसुनला तेही खुपलं.

"ताई, रात्री गाडी कितीला लावलीत?"

"आठला."

"नंतर कुणाला किल्ली दिलीत?"

"मी कुणाला देणार? माझी पॉलिसी फक्त माझ्या नावाची. दुसऱ्या कुणी हात लावून ठोकली तर कंपनी हात वर करेल. तूच शिकवलंस ना हे?" ओक्जू हसली, पण चहा ओतताना तो कपाबाहेर सांडला. "हप्ता कमी ठेवायचा तर एकटीच्याच नावानं घ्यावी. तूही तेच केलंयस म्हणे. दोसिकरावांचं नाव काढलंस."

ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी हप्ता पहिल्यांदा चढला तेव्हा नामसुननं नवऱ्याचं नाव काढून टाकलं होतं. वय वाढलं की दर वाढतो, आणि गाडी तर तीच चालवायची. दोसिक तेव्हा एवढंच म्हणाला होता, "बरं." पण हे ओक्जूला कसं ठाऊक?

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अगं, सोसायटीत काय लपतं?" ओक्जूनं टेबल पुसायला घेतलं. चहा सांडला होता डावीकडे, ती पुसत होती उजवीकडे.

"आणि आता तुमच्या त्या गुणांचं काय हो? अठ्ठ्याण्णव की काय ते."

"गुण चालवण्याचे असतात, नामसुन. उभी गाडी कुणी ढकलली त्याचे नसतात. माझी एकोणीस वर्षं स्वच्छ आहेत."

स्वच्छ म्हणे. नामसुन जिना उतरताना दात खात होती. बाई खोटं बोलतेय, एवढं नक्की. पण सभेत दात खाऊन भागत नाही, पुरावा लागतो.

प्यो साहेबांनी पुरावा म्हणून डिकीवरच्या पंजांचे अकरा फोटो दाखवले. नामसुननं ते मोठे करून पाहिले. पंजे स्पष्ट होते, पण त्यांच्यावर परागाचा पातळ थर बसला होता. म्हणजे पंजे आधी उमटले, पराग नंतर पडला. बोंगकाका रात्री नऊचं म्हणत होते ते बरोबर होतं. मग पहाटे ढकलणाऱ्याचे पंजे कुठे होते?

पहाटे ती जागा सोडून गेलेलं एकच माणूस होतं, पाचशे दोनमधली परिचारिका बारीम. तिची गाडी ओक्जूच्या गाडीमागेच अडकलेली असणार. तीच ढकलून, धडकवून पळाली असेल तर? नामसुनला हे मुळीच नको होतं, पण विचारणं भाग होतं.

४

बारीम शनिवारी दुपारी झोपेतून उठून दार उघडायला आली. केस विस्कटलेले, तोंडात टूथब्रश.

"काकू, हप्ता वाढल्याचं मी काही बोललेली नाही. मला का उठवता?"

"काल पहाटे गाडी कितीला काढलीस?"

"पाच चाळीसला. पहिली पाळी होती."

"ओक्जूताईंची गाडी पुढ्यात होती ना? तू ढकललीस?"

बारीमनं ब्रश बाहेर काढला. "तीच तर गंमत. रोज ढकलून ढकलून माझी कंबर जाते. काल म्हटलं देव पावला. गाडीच नव्हती."

"नव्हती म्हणजे? पुढे गेलेली होती? प्यो साहेबांच्या गाडीला टेकलेली?"

"अहो काकू, नव्हती म्हणजे नव्हती. प्यो साहेबांच्या गाडीवरून तर मी वळले. ती एकटीच होती, बंपर शाबूत. ओक्जूकाकूंची गाडी अख्ख्या सोसायटीत नव्हती."

नामसुन जिन्यातच बसली. झोपलेल्या बाईची न्यूट्रलमधली गाडी पहाटे पाच चाळीसला सोसायटीबाहेर. आणि सकाळी पावणेसातला परत, तीही प्यो साहेबांच्या बंपरमध्ये.

५

ती धावतच खाली आली. ओक्जूची गाडी बाजूच्या जागेत ओढून ठेवलेली होती. नामसुन तिच्यासमोर उभी राहिली, मग शेजारच्या गाडीसमोर, मग त्याच्या पुढच्या. शेजारच्या गाडीतल्या कार्डावरचा नंबर वाचायचा तिनं प्रयत्न केला. काचेवरच्या पिवळ्या थरातून एक अंक दिसेना. पुढच्या गाडीतही तेच.

आणि काल सकाळी ओक्जूचा नंबर तिनं चष्मा न लावता वाचला होता.

आता नीट पाहिल्यावर दिसत होतं. टपावर पिवळा थर, बॉनेटवर थर, आणि काचेवर वायपर फिरल्याचे दोन फिकट पंखे. उभ्या गाडीचे वायपर आपोआप फिरत नाहीत. चाकं तिरकी होती, तेही आता समजलं. आडवी लावलेली गाडी सरळ चाकांनीच उभी असते आणि सरळच ढकलली जाते. आत बसून स्टिअरिंग फिरवल्याशिवाय ती प्यो साहेबांच्या कोपऱ्यात पोचतच नाही. कुणी ढकलली नव्हती. कुणीतरी चालवत आणून ठोकली होती.

"सापडलीस," नामसुन मोठ्यानं म्हणाली. दोन वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. अठ्ठ्याण्णव गुणवाली स्वतः ठोकते आणि म्हाताऱ्या पहारेकऱ्याच्या नावावर खपवते. तिनं काचेला नाक लावून आत पाहिलं, अजून काही मिळतंय का म्हणून.

मिळालं, पण नको ते. ओक्जू बुटकी, जाड उशी घेतल्याशिवाय तिला स्टिअरिंगच्या वरून रस्ता दिसत नसे. ती फुलाफुलांची उशी शेजारच्या सीटवर होती. आणि चालकाची सीट पार मागे सरकवलेली. ओक्जूचे पाय पेडलपर्यंत पोचायचे तर आणखी एक ओक्जू जोडावी लागली असती.

म्हणजे ओक्जू शेजारी बसली होती. चालवणारा उंच होता. पुरुष होता. पहाटे साडेचार-पाचला, विधवेच्या गाडीत.

नामसुनचा आनंद दुप्पट झाला. ती तशीच बोंगकाकांच्या खोलीत शिरली. त्यांनी कागदी कपात कॉफी कालवून पुढे केली.

"काका, तुमची नोकरी कुठे जात नाही. फक्त एक सांगा. धडकल्यावर चाकाला पाचर लावलीत ती किती वाजता?"

"मी कुठे लावली? मी पाहिली तेव्हा होतीच. आपल्याकडे विटा असतात बाई, लाकडी पाचर कुणाकडे असते? चांगली वाटली म्हणून उचलून ठेवली." त्यांनी टेबलाखाली हात घालून ती काढली आणि झटकली.

सागवानी रंगाची, वापरून कडा गुळगुळीत झालेली पाचर. जाड बाजूला भोक, भोकात निळ्या दोरीचा फास. डोंगराळ मार्गावरचे बसवाले गाडीतून पाय खाली ठेवला की आधी चाकाला पाचर देतात. झोपेतही देतात.

तो फास नामसुननं स्वतः बांधला होता. पाच वर्षांपूर्वी दोसिक निवृत्त झाला आणि आगारातून आठवण म्हणून पाचर घेऊन आला, तेव्हा बाल्कनीतल्या खिळ्याला टांगता यावी म्हणून.

"कुणाची आहे ओळखता का?" बोंगकाकांनी विचारलं.

"नाही," नामसुन म्हणाली, आणि पाचर पिशवीत टाकली.

६

बाल्कनीतल्या खिळ्याला कपड्याचा चिमटा लटकत होता. पाचर तिथून कधी गेली ते तिला सांगता आलं नसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

तिनं दाराशी जाऊन बूट उचलले. काळे, स्वच्छ. डोंगरावर या दिवसांत पाऊल ठेवलं तर माणूस गुडघ्यापर्यंत पिवळा होतो. हे बूट कित्येक महिने डोंगरावर गेले नव्हते. तिनं पाचर आणि बूट दोन्ही दोसिकच्या अंथरुणाशेजारी ठेवले.

तो उठून बसला. कंबर काही धरलेली दिसत नव्हती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं."

"रोज?"

"रविवार सोडून. तिला पहाटेच्या प्रार्थनेला जायचं असतं. चर्च चढावर आहे. तिला दिसत नाही, नामसुन. मधलं सगळं धूसर झालंय, फक्त कडेकडेचं दिसतं. डॉक्टरांनी चालवू नका सांगितलं. एकदा अंधारात फुटपाथवर चढवली होती, मी बघितलं, तेव्हापासून मी चालवतो. कुणाला सांगू नका म्हणाली. लोक काय बोलतील म्हणून."

"आणि पाणी?"

"चर्चमधल्या नळाचं."

दोन वर्षं ती त्या पाण्याचा भात शिजवून लोकांना चव घ्यायला लावत होती. नामसुनला रडू आलं आणि त्याचा तिला राग आला. "काय बोलत असता गाडीत?"

"काही नाही. ती डोळे मिटून प्रार्थना म्हणते. मी चालवतो."

"तिच्याशेजारी बसायला बरं वाटतं."

"चालवायला बरं वाटतं," दोसिक म्हणाला. "एकतीस वर्षं रोज चारशे माणसं नेली आणली मी. घरी तू किल्ली काढून घेतलीस. वर्षाचे एक लाख तीस हजार वाचले म्हणालीस, आनंदानं सांगत होतीस. मी काय बोलणार होतो?"

नामसुननं चिडून बूट लांब सरकवले. "ठोकली कशी?"

"वळताना मांजर आडवं आलं. ती ओरडली, मी चाक फिरवलं. प्यो साहेबांना तेव्हाच सांगायला निघालो होतो. ती म्हणाली, तुम्ही घरी जा, माझा विमा सगळं भरेल, कुणाला तोशीस नाही."

"तोशीस? आज पाचला बोंगकाकांना काढतायत. पगारही कापणार आहेत."

दोसिकचा चेहरा उतरला. ते त्याला खरंच ठाऊक नव्हतं. दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि घरात सांगणारं जे एकच माणूस होतं ते ओक्जूच्या मागावर होतं. तो उठून सदरा शोधू लागला.

"बसा," नामसुन म्हणाली. "तुम्ही यायचं नाही. मी बघते काय करायचं ते."

७

सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या खोलीत चाळीसेक माणसं जमली होती. बोंगकाका दाराशी, गणवेशाची टोपी हातात. ओक्जू खिडकीपाशी, जपमाळ बोटांत.

नामसुननं एकेक करून मांडलं. पंजांवर साचलेला पराग. बारीमनं न पाहिलेली गाडी. तिरकी चाकं. वाचता आलेला नंबर. "म्हणजे बोंगकाकांचा काही संबंध नाही," ती म्हणाली. "गाडी ढकललीच नव्हती. चालवत आणली होती."

खोलीत कुजबूज झाली. सगळ्या माना ओक्जूकडे वळल्या. बोंगकाकांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"मग कोण चालवत होतं?" प्यो साहेबांनी विचारलं.

ओक्जू उभी राहिली. नामसुनच्या आवाजाच्या दिशेनं तिनं तोंड वळवलं, पण नजर थोडी बाजूला पडली. "मी," ती म्हणाली. "मीच चालवत होते. भीती वाटली म्हणून खोटं बोलले. बोंगसाहेब, माफ करा. माझा विमा भरेल."

झालं. सगळं जागच्या जागी बसलं होतं. बोंगकाकांची नोकरी राहिली. प्यो साहेबांना बंपर मिळाला. दोसिकचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. ओक्जूची एकोणीस वर्षं मातीत गेली, हप्ता आता असा चढेल की तिला लिफ्टमध्ये तोंड दाखवायला नको. नामसुननं दोन वर्षं देवाकडे जे जे मागितलं होतं ते एका ताटात वाढून समोर आलं होतं. तिनं फक्त गप्प बसायचं होतं.

"बघा," मागून कुणीतरी म्हणालं, "चूक पदरात घेतली की नाही? बाई आहे खरी. उगाच का अठ्ठ्याण्णव गुण मिळतात?"

नामसुननं पिशवीत हात घातला. दोन वर्षं या बाईनं तिच्या नवऱ्याचे गुण स्वतःच्या नावावर मिरवले. आता त्याची चूकही स्वतःच्या नावावर घेऊन वर शाबासकी मिळवतेय. सगळंच हिचं? मग आपल्या वाट्याला काय?

तिनं पिशवीतून पाचर काढून टेबलावर आपटली.

"खाली बसा ताई. ते अठ्ठ्याण्णव तुमचे नाहीत. माझ्या नवऱ्याचे आहेत. दोन वर्षं तुमची गाडी दोसिक चालवतोय, आणि काल त्यानंच ठोकली. गुण तुम्ही घेतलेत ते घेतलेत, हा पोचा तरी माझा आहे."

प्यो साहेबांचं तोंड उघडंच राहिलं.

"आणि पहाटे दोघं मिळून कुठे जातात ते आत्ताच सांगते, म्हणजे तुम्हाला घरी जाऊन कल्पना लढवायला नको. चर्चला जातात. ताईंना दिसत नाही. गाडी त्यांच्या एकटीच्या नावावर, दोसिक माझ्या पॉलिसीतही नाही, कारण एक लाख तीस हजारासाठी मीच त्याला काढलाय. तेव्हा एकही कंपनी एक वॉन देणार नाही. बंपरचे पैसे आम्ही भरू. प्यो साहेब, बोंगकाकांच्या करारावर सही करा, इथेच, सगळ्यांसमोर."

दारात दोसिक उभा होता, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. कधी आला कोण जाणे. त्यानं पुढे येऊन आधी बोंगकाकांसमोर कमरेतून वाकून माफी मागितली, मग प्यो साहेबांसमोर. प्यो साहेबांनी खिशातून पेन काढलं.

ओक्जू रडत होती. नामसुन तिच्या शेजारी जाऊन बसली, कारण दुसरी खुर्ची रिकामी नव्हती.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुझा हेवा वाटायचा गं," ओक्जू म्हणाली. "घरात चालवणारा माणूस आहे, आणि तू त्याला शेजारी बसवून फिरवतेस. मी रोज खिडकीतून बघायचे. दिसत होतं तेव्हा."

८

दोसिकचं नाव पॉलिसीत परत घालायला एक लाख चौसष्ट हजार लागले. नामसुननं ते भरताना कंपनीला, सरकारला आणि त्या मांजराला शिव्या घातल्या. ओक्जूनं आपला परवाना स्वतःहून परत केला आणि गाडी विकली. बंपरचे पैसे तीन हप्त्यांत फिटले.

आता पहाटे साडेचारला नामसुनची गाडी निघते. दोसिक चालवतो, त्याच्या शेजारी नामसुन बसते, ती जागा तिनं कुणाला सोडलेली नाही. मागे ओक्जू, फुलाफुलांची उशी घेऊन. नामसुनला प्रार्थनेत काडीचा रस नाही. ती चर्चच्या आवारात कागदी कपातली कॉफी पीत बसते आणि दोघांवर नजर ठेवते, उगाच.

जूनअखेर एका पहाटे फोन वाजला आणि नवे गुण आले. ब्याण्णव.

"किती झाले गं?" मागून ओक्जूनं विचारलं.

नामसुननं फोन मांडीवर पालथा घातला. "तुमच्यापेक्षा कमीच," ती म्हणाली. ते खरं होतं, आणि अजून टोचत होतं. सहा गुण. त्या बाईच्या गाडीत असताना हा माणूस सहा गुण जास्त चांगला चालवायचा.

"का हो?" तिनं हळूच विचारलं. "तिथे अठ्ठ्याण्णव, आणि इथे ब्याण्णव?"

दोसिकनं आरशात पाहिलं. ओक्जूचे डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते.

"तिथे मधेच कुणी ब्रेक दाबा म्हणत नव्हतं," तो म्हणाला.

ती काही बोलणार होती, पण पुढचा सिग्नल पिवळा झाला.

"ब्रेक," नामसुन म्हणाली.

त्यानं तो आधीच दाबला होता.